ट्वीड खोऱ्यातली एन्ड्युरो : उताराची शर्यत चढावर ठरते

विभाग : खेळ आणि भटकंती

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. इथे ब्रेवे (लांब पल्ल्याच्या सायकल सफरी), घाटातली सायकल, साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यांवर भरभरून लिहिलं गेलंय. एन्ड्युरो माउंटन बाइक शर्यतीवर मात्र मराठीत वाचायला काही मिळेना, म्हणून हा धागा काढतेय.

मी मूळची साताऱ्याची, सध्या मुक्काम एडिनबरा. इथून दक्षिणेला मोटारीने तासाभरावर ट्वीड नदीचं खोरं लागतं. पीबल्स आणि इनरलीदन ही तिथली दोन लहान गावं. पूर्वी लोकरीच्या गिरण्यांवर चालायची, आता शनिवार-रविवारी तिथे चिखलाने माखलेल्या सायकलीच जास्त दिसतात. तिथल्या एका हौशी स्पर्धकांच्या एन्ड्युरोत नुकतीच उतरले होते. पाच स्टेज, दिवसभरात चाळीसेक किलोमीटर आणि दीड हजार मीटरच्या आसपास चढ.

आधी या शर्यतीची रीत सांगते. डोंगरावरून खाली येणाऱ्या चार-सहा अरुंद वाटा निवडतात, त्या म्हणजे स्टेज. घड्याळ फक्त तिथे चालतं. एक स्टेज संपली की पुढचीच्या माथ्यापर्यंत आपल्याच पायांनी चढायचं. ही जोडवाट, म्हणजे लिएझन, वेळेत धरत नाहीत, पण तिलाही मुदत असते आणि उशिरा पोचलात तर दंड बसतो. सगळ्या स्टेजच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो पहिला. स्पर्धक एकेक करून, वीस-तीस सेकंदांच्या अंतराने सुटतात. वाटेत काही मोडलं तर स्वतःच दुरुस्त करायचं.

मोटारसायकलच्या एन्ड्युरोतून आणि मोटारींच्या रॅलीतून आलेला हा प्रकार २००० नंतर फ्रान्स आणि इटलीत रुजला. २०१३ मध्ये एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज सुरू झाली, पहिली फेरी इटलीतल्या पुंता आला इथे झाली. ती उभी करणाऱ्यांपैकी क्रिस बॉल स्कॉटिश आहे. दुसऱ्याच वर्षी, २०१४ मध्ये, मालिका ट्वीड खोऱ्यात आली. २०२३ मध्ये ती यूसीआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या वर्ल्ड कपमध्ये सामावली गेली.

खोऱ्यात दोन तऱ्हेच्या वाटा आहेत. पीबल्सजवळच्या ग्लेनट्रेसच्या जंगलात आखीव, खडी टाकलेल्या, हिरव्या-निळ्या-लाल-काळ्या रंगांनी काठिण्य दाखवणाऱ्या वाटा. २०२३ च्या जागतिक सायकलिंग स्पर्धेतली क्रॉस-कंट्री, म्हणजे चढ-उतार दोन्ही मोजणारी, शर्यत इथेच झाली होती. आणि दुसरी इनरलीदनच्या डोक्यावरची, जिला सगळे गोल्फी म्हणतात, कारण वाटा उतरतात त्या गावच्या गोल्फ मैदानाशेजारी. सिट्का स्प्रूस या सुईसारख्या पानांच्या झाडांची दाट लागवड, आत भर दुपारी अंधार. वाटा इतक्या तीव्र उताराच्या की वर उभं राहिलं तर पुढचं वळण झाडांच्या शेंड्यांतून दिसतं. जमिनीवर कुजलेल्या सुयांचा काळा, भुसभुशीत थर. कोरडा असताना तो चाकाला छान धरतो. पाऊस झाला आणि पन्नास-शंभर चाकं वरून गेली की थर निघून जातो, खालची मुळं उघडी पडतात. स्प्रूसचं भिजलेलं मूळ म्हणजे श्रावणात कृष्णेच्या घाटाची शेवाळलेली पायरी.

शनिवारी सराव झाला तो कोरड्यात. रात्रभर पाऊस लागला. रविवारी सकाळी गोल्फीवर आदल्या दिवशी शोधून ठेवलेली एकही ओळ, म्हणजे चाक नेमकं कुठून न्यायचं ती रेषा, शिल्लक नव्हती.

पहिली स्टेज ग्लेनट्रेसवर, रुंद, वळणावळणांची. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, सगळ्यांना बरं वाटावं म्हणून ती पहिली ठेवतात. खरं बघण्यासारखं होतं ते तिच्यानंतरच्या चढावर. स्टेज चांगली गेल्याच्या भरात निम्मे लोक दुसरीच्या माथ्याकडे उभं राहून पेडल मारत गेले. एन्ड्युरोची सायकल पंधरा-सोळा किलोची, टायर जाड आणि मऊ रबराचे. तिला चढावर ढकलत वेगाने नेणं म्हणजे मांड्यांतली ताकद वाटेत सांडत जाणं. माझ्या ओळखीच्या एक पन्नाशीच्या बाई आहेत, या खोऱ्यात कित्येक वर्षं शर्यती करतात. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली: चढताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की गिअर हलका करायचा. गिअर संपले की उतरून ढकलायची. मी दिवसभर तेच केलं. माझ्या पुढे खूप जण निघून गेले.

तिसरी स्टेज गोल्फीवर. निम्म्या उतारावर एक मुलगा वाटेच्या कडेला खांदा धरून बसलेला दिसला, सायकल खाली झाडात अडकलेली. मी थांबले. जखमी दिसला तर थांबायचं, मागच्याला इशारा करायचा, मार्शल, म्हणजे वाटेवर नेमलेला आयोजकांचा माणूस, येईपर्यंत सोबत राहायचं, हे सुरुवातीलाच सगळ्यांना बजावलेलं असतं. त्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं होतं असं नंतर कळलं. आयोजकांनी मला ती स्टेज पुन्हा करायला दिली. पण पुन्हा करायची म्हणजे पुन्हा वर चढायचं. डोंगराचा तो तुकडा माझ्या वाट्याला दोनदा आला, आणि तो झेपला तो सकाळी वाचवलेल्या ताकदीवर.

शेवटची स्टेज सर्वांत लांब आणि सर्वांत उभी. इथे काय होतं ते नीट सांगते. अशा उतारावर सायकल थोपवण्यात पंजे आणि कोपरापर्यंतचे हात पूर्ण पणाला लागतात. पाय ताजे असतील तर शरीराचं वजन पेडलवर राहतं, हात हलके राहतात, बोटं ब्रेकवर फक्त टेकलेली. पाय थकले की माणूस नकळत हँडलवर रेलतो. मग सगळा भार मनगटांवर, पुढचा हात दगडासारखा कडक होतो, बोटं उघडत-मिटत नाहीत. याला आर्म पंप म्हणतात. ब्रेक दाबता येत नाही आणि सोडताही येत नाही. शेवटच्या स्टेजवर वाटेच्या कडेला थांबून हात झटकत असलेले तीन-चार जण मला दिसले. सकाळी चढावर उभं राहून मला मागे टाकून गेलेल्यांपैकीच काही होते. दोघांना मी उतारावर गाठलं, त्यांनी लगेच वाट दिली.

निकालात मी महिलांच्या गटात मधोमध होते. त्या चिखलात सगळ्या स्टेज पूर्ण झाल्या याचा मनापासून आनंद झाला. आणि एक गोष्ट पक्की कळली की घड्याळ बंद असतानाचे ते चार-पाच तासच घड्याळ चालू असतानाची वीस-पंचवीस मिनिटं ठरवतात. प्रश्न असतील तर विचारा, येत असलेलं सगळं सांगेन.

घाटवाट्या

ताई, अप्रतिम लिहिलंय. लोणावळा-राजमाची वाटेवर माझी हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल) वर्षानुवर्षं पळतेय, त्यामुळे एकेक वाक्य अंगात भिनलं. तुमची सायकल कोणती होती? हार्डटेलवर हे जमेल का?

तळजाई

वाचायला मजा आली. मी रस्त्यावरचा सायकलवाला, शिवाय तरुणपणी पुण्यातली एन्ड्युरो३ केलेली. त्यात ट्रेक, सायकल, नदी असं सगळंच मोजलं जायचं, संघानं मिळून. म्हणून एक शंका. चढ मोजतच नाहीत तर ही अर्धी शर्यत नाही का? ज्याला चढता येत नाही त्यालाही फायदा मिळतो. सिंहगडावर आम्ही घाम गाळतो तो घड्याळासाठीच.

कृष्णाकाठ

@घाटवाट्या, माझी पुढे १७० आणि मागे १६० मिलिमीटर दबणाऱ्या सस्पेन्शनची, २९ इंची चाकांची. बहुतेकांच्या १५० ते १७० च्या दरम्यान असतात. पुढचं चाक धरणारा फोर्क बराच कललेला, ६४ अंशांच्या आसपास, म्हणजे उभ्या उतारावर पुढचं चाक शरीराच्या खूप पुढे राहतं आणि माणूस हँडलवरून उडत नाही. चार पिस्टनचे ब्रेक, २०० मिलिमीटरच्या डिस्क. आणि ड्रॉपर पोस्ट, म्हणजे बटण दाबलं की सीट खाली जाते. माझ्या मते सगळ्यात आधी पैसे खर्च करावेत ते ड्रॉपरवर. हार्डटेलवर लोक उतरतात, त्यांच्यासाठी काही शर्यतींत वेगळा गटही असतो. फक्त पाय लवकर थकतात, कारण मागचा प्रत्येक धक्का गुडघ्यांना घ्यावा लागतो.

@तळजाई, दादा, हा प्रश्न मलाही सुरुवातीला पडला होता. हिशेब मांडून बघा. स्टेज चार मिनिटांची धरू. एकदा पडलात, उठलात, वाकडं झालेलं हँडल गुडघ्यात धरून सरळ केलंत, परत पेडल पकडलंत, की पंधरा सेकंद गेले. चार मिनिटांत पंधरा सेकंद म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त. तेवढे नुसत्या वेगाने भरून काढायचे तर आख्ख्या स्टेजभर सहा टक्के जास्त वेगाने उतरावं लागेल, आणि ओल्या मुळांवर ते जवळपास अशक्य आहे. पडणं बहुतेक वेळा होतं ते थकव्याने, डोळे पुढच्या वळणाऐवजी चाकासमोर बघायला लागतात तेव्हा. चढ मोजत नसले तरी त्याची वसुली होतेच, फक्त ती उतारावर होते. तुम्ही सिंहगड चढता तेव्हा वर पोचलात की संपलं. इथे वर पोचल्यावर सुरू होतं.

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनचं उदाहरण तुमच्या ओळखीचं असेल. यवतेश्वरचा घाट चढताना जो छाती फुटेस्तोवर पळतो, त्याच्या मांड्या त्याच घाटाने परत उतरताना बोलायला लागतात. उतारावर स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, त्याने तो चढापेक्षा जास्त दुखावतो. सायकलवर उभं राहून उतरताना मांड्यांचं तेच होतं.

तळजाई

हिशेब पटला. यवतेश्वरच्या उतरणीत माझे गुडघे बोललेत, त्यामुळे लगेच कळलं. आता त्या सहा टक्क्यांकडे बघूनच शर्यतीचा व्हिडिओ पाहीन.

अस्थिवैद्य

चांगला धागा. मी हाडांचा डॉक्टर, म्हणून थोडं माझ्या बाजूचं. सायकलवरून पडणाऱ्यांत आमच्याकडे जास्त येतं ते गळपट्टीचं हाड आणि मनगट, कारण पडताना माणूस हात पुढे करतो. ती हाडं जुळतात. मला काळजी असते डोक्याची. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि बोटं झाकणारे हातमोजे यांच्याशिवाय असल्या वाटेवर कुणी जाऊ नये. हेल्मेट एकदा जोरात आपटलं की बदलायचं, बाहेरून तडा दिसो न दिसो. आतला फोम एकदा चेपला की दुसऱ्या वेळी तो धक्का शोषत नाही.

डोक्याला मार लागल्यावर बेशुद्ध पडला नाही म्हणजे काही झालं नाही, हा समज सोडा. गोंधळ, मळमळ, तोल जाणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं यांपैकी काहीही दिसलं तर शर्यत तिथेच थांबवा. ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये हौशी खेळांसाठी ज्या सूचना निघाल्या, त्यांत शंका आली तरी खेळाडूला लगेच बाहेर काढायला सांगितलंय, आणि स्पर्धेत परतायला किमान २१ दिवस. आपल्याकडे मुलं दुसऱ्या दिवशी परत सायकलवर बसतात. कृष्णाकाठ, त्या मुलाजवळ थांबलात हे वाचून फार बरं वाटलं.

कृष्णाकाठ

धन्यवाद डॉक्टरसाहेब. सुरुवातीच्या रांगेत हेल्मेट तपासतात, तडा दिसला तर उतरू देत नाहीत. आणि दर स्टेजवर शिट्टी घेतलेले मार्शल. एरवीसुद्धा या डोंगरात कुणी अडकलं तर ट्वीड व्हॅली माउंटन रेस्क्यूचे लोक येतात. सगळे स्वयंसेवक, दिवसा आपापली नोकरी करणारे, आणि सुटकेचे पैसे घेत नाहीत. त्यांच्या देणगीच्या डब्यात मी जमेल तेव्हा टाकते.

घाटवाट्या

मग मुद्द्यावर येतो. हे सह्याद्रीत का होऊ नये? राजमाचीहून कोंढाण्याच्या लेण्यांकडे उतरणारी वाट घ्या, किंवा घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या डझनभर जुन्या घाटवाटा घ्या. उतार आहे, दगड आहे, मुळं आहेत. पोरं तयार आहेत. फक्त कुणीतरी पुढाकार घ्यायला हवा.

येऊरकर

घाटवाट्या, तुमची कळकळ समजते, पण मी याच्या विरोधात आहे आणि कारणं सांगतो. येऊरच्या बाजूला मी लहानपणापासून फिरतोय. तो सगळा राष्ट्रीय उद्यानाचा भाग, तिथे शर्यतीचा विचारही नको. बाहेरच्या घाटवाटांवर पावसाळ्यात एकेका रविवारी शेकडो ट्रेकर असतात, आणि कोंढाण्याच्या वाटेवर तर आजही गावकरी डोक्यावर ओझी घेऊन जातात. त्यांच्या अंगावर सायकल सोडायची? दुसरं, मागचं चाक लॉक करून उतरलं की वाटेवर चर पडते. तिच्यातून पहिल्या पावसाचं पाणी वाहतं, आणि दोन पावसाळ्यांत वाट राहत नाही, ओहोळ होतो. ट्रेकर्सनीच काही वाटांची काय दशा केलीय ते आपण बघतोच.

मुळशीकर

+१ येऊरकर. किल्ल्यांच्या वाटा तर मुळीच नकोत.

लीड्सकर

मी यॉर्कशायरमध्ये राहतो, त्यामुळे या वादाची इथली बाजू मांडतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये पायवाटेवर सायकलला हक्क नाही. १९६८ च्या कायद्याने घोड्यांच्या वाटांवर, म्हणजे ब्रिडलवेवर, सायकलला परवानगी मिळाली, तेवढीच. त्यामुळे इथे चांगली वाट दिसली तरी आधी नकाशात तिचा दर्जा बघावा लागतो. स्कॉटलंडचं वेगळं. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने तिथे जबाबदारीने वागण्याच्या अटीवर जवळजवळ सगळ्या मोकळ्या जमिनीवर चालायला, सायकल चालवायला, घोड्यावरून जायला हक्क आहे. मोटारगाड्यांना नाही. इनरलीदनला सायकलिंग एवढं फोफावलं त्यात या कायद्याचा मोठा वाटा आहे असं मला ठामपणे वाटतं.

कृष्णाकाठ

@लीड्सकर, अगदी. फक्त एक जोडते. तो हक्क जाण्या-येण्याचा आहे, वाट खणण्याचा नाही. गोल्फीवरच्या कितीतरी वाटा सुरुवातीला लोकांनी स्वतःच, न विचारता, फावडी घेऊन खणल्या. ती जमीन लाकडाच्या लागवडीची, तोड आली की वाटच नाहीशी व्हायची. वर्षानुवर्षं हे चालल्यावर आता स्थानिक सायकलस्वारांची संघटना, ट्वीड व्हॅली ट्रेल्स असोसिएशन, जमीनमालकांशी बोलून वाटा सांभाळते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आर्वेन वादळाने इथली झाडं आडवी केली, तेव्हा कित्येक वाटा खोडांखाली गाडल्या गेल्या. त्या पुन्हा मोकळ्या करण्यात गावातले, एडिनबऱ्याचे, कुठकुठचे लोक राबले. पडलेली झाडं ताणाखाली असतात, करवत लावली की उसळतात, म्हणून ते काम प्रशिक्षित माणसांनीच केलं. बाकीच्यांनी माती ओढली.

घाटवाट्या आणि येऊरकर, तुमच्या दोघांच्या वादात माझं मन येऊरकरांकडे झुकतं, पण पूर्ण नाही. पायवाट आणि सायकलसाठी बांधलेली वाट यांत फरक आहे. सायकलची वाट उताराच्या रेषेत सरळ खाली सोडत नाहीत, डोंगराला आडवी नेतात. मध्ये मध्ये मुद्दाम छोटा चढ देतात, म्हणजे पाणी तिथे वाटेवरून बाहेर पडतं, साचून वाहत नाही. वळणाला बाहेरून मातीचा उंच कठडा, म्हणजे ब्रेक न लावता वळता येतं आणि चर पडत नाही. गोल्फीच्या जुन्या वाटा या नियमांत बसत नाहीत, म्हणूनच त्यांची इतकी डागडुजी करावी लागते. आणि इथला पाऊस वर्षभर विभागलेला. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. इथलं तंत्र जसंच्या तसं तिकडे चालणार नाही. पावसाळ्यात वाट बंदच ठेवावी लागेल.

आणि सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची खडकाळ पठारं, सोडूनच द्या. कास माझ्या घरापासून जवळ. तिथे जांभ्यावर मातीचा पापुद्रा असतो बोटभर, त्यावर ती सगळी फुलं. एका चाकाची खूण तिथे वर्षानुवर्षं राहते. सुरुवात करायची तर कुणाच्या तरी खासगी डोंगरउतारावर, मालकाच्या परवानगीने, एकच वाट नीट बांधून. दोन मिनिटांची असली तरी पुष्कळ. वनजमिनीचं नाव वन विभागाशी बोलल्याशिवाय काढू नये.

घाटवाट्या

राजमाचीचं नाव मी मागे घेतो. येऊरकरांचा ओझेवाल्यांचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मुळशीकडे मित्राची पडीक डोंगरउताराची जमीन आहे, त्याला विचारतो. येऊरकर, वाट आखताना याल का? विरोध करणारा माणूस सोबत असला तर काम चांगलं होईल.

येऊरकर

येईन. पहिला पाऊस पडताना येऊ, पाणी कुठून वाहतं ते बघितल्याशिवाय खुंटी ठोकायची नाही.

शिवालिक

एक पूरक माहिती. भारतात माउंटन बाइकची लांब पल्ल्याची शर्यत म्हटलं की हिमाचलची एमटीबी हिमालया, २००५ पासूनची. पण ती क्रॉस-कंट्री धर्तीची, अनेक दिवसांची, चढ-उतार सगळं मोजणारी. तिथे चढणारा जिंकतो. या धाग्यामुळे दोन्हींतला फरक पहिल्यांदा नीट कळला. कृष्णाकाठ, शर्यतीत खायचं काय ठेवता?

कृष्णाकाठ

@शिवालिक, दर पाऊण तासाला काहीतरी, भूक लागायची वाट न बघता. तासाला पन्नास-साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मी खजूर, केळं आणि आईने पाठवलेल्या राजगिऱ्याच्या वड्या नेते. चढ सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत खाते, म्हणजे वर पोचेपर्यंत पोट शांत होतं. स्टेजच्या तोंडाशी खाऊ नये. थंडी हा दुसरा शत्रू. घामाने भिजलेला माणूस माथ्यावर रांगेत दहा मिनिटं वाऱ्यात उभा राहिला की बोटं बधिर होतात आणि ब्रेक जाणवत नाही. म्हणून कोरड्या हातमोज्यांचा दुसरा जोड पिशवीत, आणि तो माथ्यावर पोचल्यावरच घालायचा.

गोदातीर

मी सायकल चालवत नाही, माझी लेक चालवते. चौदा वर्षांची आहे, नाशकात पांडवलेण्याच्या बाजूच्या टेकड्यांवर मुलांच्या घोळक्यात एकटी मुलगी. तिला हा धागा वाचून दाखवला. तिचे दोन प्रश्न आहेत. बायका किती असतात या शर्यतीत? आणि पाय पेडलला अडकवणारे बूट घ्यायचे की साधे?

कृष्णाकाठ

काकू, लेकीला माझा नमस्कार सांगा. बायका पुरुषांपेक्षा कमीच असतात, पण दरवर्षी वाढताना मी स्वतः बघतेय. तिला सांगा की वर्ल्ड सिरीजची पहिली तीन वर्षं, २०१३ ते २०१५, ब्रिटनची ट्रेसी मोझली विजेती होती, आणि पुढची तीन वर्षं फ्रान्सची सेसिल रावानेल. पीबल्सच्याच मातीत वाढलेली कॅटी विंटन जगभर शर्यती करून आलीय. बक्षिसाच्या मंचावर गावची मुलगी बघून इथल्या शाळकरी मुली सायकलीवर बसल्या, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

बुटांचं. साधे सपाट पेडल आणि मऊ तळाचे बूट घ्या. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल सपाट पेडलवर २०१७ ते २०१९ अशी सलग तीन वर्षं वर्ल्ड सिरीजचा विजेता झाला, तेव्हा त्यात कमीपणा काही नाही. सपाट पेडलवर टाच खाली दाबून वजन पायात ठेवायची सवय लागते, नाहीतर खडबडीत उतारावर पाय उडतो. ती सवय पुढे जन्मभर उपयोगी पडते. पेडलच्या पिना नडगीला लागतात, म्हणून नडगीचे पॅड लागतील.

गोदातीर

तिने लगेच विचारलं, टायरमध्ये हवा किती ठेवायची? नाशकात सगळीकडे सुटा मुरूम आहे.

कृष्णाकाठ

तिच्या वजनाला ट्यूबलेस असेल तर पुढे २० आणि मागे २२ पीएसआयपासून सुरू करा. ट्यूब असेल तर दोन्हीकडे चार-पाच जास्त, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर होते. एकच ठरलेली वाट घ्यायची, तीच पुन्हा पुन्हा उतरायची आणि दर वेळी एक-एक पीएसआय कमी करत जायचं. रिम दगडाला लागल्याचा खटका आला की तिथून दोन वाढवायचे. आकडा वहीत लिहून ठेवायला सांगा, पंप प्रत्येक वेळी तोच वापरायचा, कारण दोन पंपांचे काटे सहसा जुळत नाहीत. मुरमावर ब्रेक वळणाच्या आधी, सरळ असतानाच लावायचा, आणि वळणात सोडून द्यायचा. ट्यूब आहे की ट्यूबलेस ते कळवा, मग टायर कोणता ते सांगते.